दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्याबद्दल : सातारा-सांगलीतल्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पोटाची दुर्बीण तपासणी करणारे सर्व फिजिशियन, सर्जन आणि गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्ट

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत पॅथॉलॉजिस्ट आहे. तुम्ही एंडोस्कोपीत काढलेले जठराचे आणि अन्ननलिकेचे तुकडे माझ्याकडे तपासायला येतात. तुमच्यापैकी अनेकांशी माझं फोनवर बोलणं होतं, पण ते बहुतेक वेळा एवढंच असतं : ‘मॅडम, रिपोर्ट कधी मिळेल?’ ओपीडीच्या गर्दीत फोनवर जे सांगता येत नाही, ते इथे लिहिते आहे. पत्र सगळ्यांसमोर ठेवण्याचं कारण असं, की या कामात रुग्णाच्या घरचे लोकही सामील असतात. तुकड्याची डबी जतहून, आटपाडीहून, दहिवडीहून एसटीने घेऊन येतात ते. आपण काय घेऊन चाललो आहोत, हे त्यांनाही कळायला हवं.

माझं मागणं आधीच सांगते. दुर्बिणीत कर्करोगाची शंका आली, तर पहिल्याच वेळी सहा ते आठ तुकडे घ्या. ते नीट फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तुकडा कुजू न देणाऱ्या द्रवात, पाठवा. आणि रिपोर्ट अ‍ॅडेनोकार्सिनोमा (ग्रंथींच्या पेशींचा कर्करोग) आला, तर केमोची पहिली बाटली लागण्याआधी एमएमआर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं) आणि हर-टू (पेशीच्या कडेवरचं एक प्रथिन) या दोन तपासण्या झालेल्या असू द्या. आजार पसरलेला असेल तर पीडी-एल-वनही; प्रतिकारशक्ती जागवणारं औषध लागू पडेल का, याचा अंदाज त्यावरून येतो.

आता यामागचं कारण.

डबी माझ्या टेबलावर येते ती अनेकदा इंजेक्शनची रिकामी कुपी असते. तोंड अरुंद, वर रबराचं बूच. आत फॉर्मालिनऐवजी सलाइन. दोन-तीन मिलिमीटरचे दोन तुकडे, त्यातला एक बुचाला चिकटून वाळलेला. सोबतच्या कागदावर ‘गॅस्ट्रिक बायोप्सी’ एवढंच. वय नाही, गाठ जठराच्या कोणत्या भागात होती ते नाही, व्रण होता की नुसतीच जाड झालेली भिंत, तेही नाही. सलाइनमध्ये चार-सहा तास प्रवास केलेला तुकडा कुजायला लागलेला असतो. त्यातूनही ‘कर्करोग आहे’ हे मी बहुधा सांगू शकते. पूर्वी तेवढ्याने भागायचं, कारण पुढचं औषध सगळ्यांना जवळपास सारखंच होतं.

आता तसं राहिलेलं नाही. जठराचा कर्करोग हा एकच आजार नाही. २०१४ मध्ये ‘कॅन्सर जीनोम अ‍ॅटलस’ या प्रकल्पाने त्याचे रेणूंच्या पातळीवर चार प्रकार वेगळे काढले, आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत औषधंही त्याप्रमाणे वेगळी होत गेली. कोणतं औषध कुणाला, हे ठरतं ते त्या पहिल्या तुकड्यांवर.

तुकड्याचं माझ्याकडे काय होतं, ते थोडं सांगते. तो मेणात बसवून ब्लॉक तयार होतो. त्या ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर घेतात. नेहमीच्या रंगाला एक काप, गाठ कोणत्या जातीची हे ठरवायला आणखी दोन-तीन, मग प्रत्येक मार्करला, म्हणजे औषध ठरवणाऱ्या प्रथिनाला, एकेक. एमएमआरमध्येच चार प्रथिनं पाहायची असतात, म्हणजे चार काचा झाल्या. शिवाय दर वेळी ब्लॉक यंत्रावर नव्याने चढवला की पृष्ठभाग सपाट करण्यातच काही काप वाया जातात. दोन तुकड्यांचा ब्लॉक तिसऱ्यांदा यंत्रावर चढला की हाताला नुसतं मेण लागतं.

तासगाव भागातल्या एका द्राक्षबागायतदाराची गोष्ट सांगते. दुर्बीण झाली, दोन तुकडे निघाले, रिपोर्ट आला : अ‍ॅडेनोकार्सिनोमा. रिपोर्ट बरोबरच होता. शस्त्रक्रियेआधी फ्लॉट केमो मिळाली. तीही बरोबर, कारण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत या औषधसमूहाने रुग्णांचं सरासरी आयुष्य ३५ महिन्यांवरून ५० महिन्यांवर नेलं होतं. शस्त्रक्रिया झाली. काढलेल्या जठरात व्रणाची जागा आणि इकडेतिकडे विखुरलेल्या थोड्या पेशी, एवढंच शिल्लक होतं. सगळ्यांना आनंद झाला, व्हायलाच हवा होता. पुढे आजार यकृतात उगवला. आता ऑन्कोलॉजिस्टना हर-टू हवं होतं. शस्त्रक्रियेच्या नमुन्यात पुरेशा पेशी नव्हत्या. पहिला ब्लॉक शोधून माझ्याकडे आणला, तर त्यात तुकड्याची पुसटशी रेघ उरली होती. त्यांचा मुलगा समोर उभा होता. म्हणाला, ‘मॅडम, आता यकृतात सुई घालायची म्हणताहेत. हे पहिल्यांदाच का नाही केलं?’ सुई घातली, तारीख मिळण्यात आणि रिपोर्टमध्ये दिवस गेले, आणि हर-टू तीन प्लस, म्हणजे ठळक पॉझिटिव्ह, आलं. तोवर त्यांना औषध सोसण्याइतकी ताकद उरली नव्हती.

यात कुणा एका डॉक्टरला दोष देता येणार नाही. दोष रीतीत आहे. स्तनाच्या गाठीचा तुकडा आला की कागदावर ईआर, पीआर, हर-टू या तपासण्या लिहिलेल्या असतातच. नवखा डॉक्टरही विसरत नाही. मिझोराममध्ये जठराचा कर्करोग जितका आढळतो तितका आपल्याकडे नाही, म्हणून त्याची शिस्त आपल्या अंगवळणी पडलेली नाही. पण महिन्याकाठी एखादाच असा रुग्ण येणाऱ्या दवाखान्याला तर ठरलेली रीत जास्तच लागते. आठवणीवर भिस्त ठेवून हे काम होत नाही.

हर-टूपासून सुरू करते. २०१० मध्ये ‘टोगा’ या चाचणीचे निष्कर्ष आले. तपासलेल्या रुग्णांपैकी साधारण पाचांतल्या एकात हर-टू पॉझिटिव्ह होतं. अशांना केमोसोबत हर-टूवर नेम धरणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध दिल्यावर सरासरी आयुष्य ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेलं. ज्यांच्यात हर-टू ठळक होतं त्यांच्यात ते १६ महिने झालं. आकडे छोटे वाटतील. पसरलेल्या जठराच्या कर्करोगात हे छोटे नाहीत. पण जठराचं हर-टू स्तनासारखं वाचता येत नाही. हर-टू असेल तर स्तनाच्या पेशीभोवती तपकिरी रंगाचं पूर्ण कडं दिसतं. जठराच्या ग्रंथीत तो रंग पेशीच्या तळाला आणि दोन्ही बाजूंना येतो, वरची कड कोरीच राहते. आणि एकाच गाठीचा एक कोपरा गडद तपकिरी, तर शेजारचा कोपरा पूर्ण निळा, असं मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. दोन तुकड्यांत निळा कोपरा आला तर रुग्ण निगेटिव्ह ठरतो आणि त्याचं औषध हुकतं. कर्करोगाच्या पेशी असलेले निदान पाच तुकडे हाती असावेत असं म्हणतात ते यासाठी. सहा-आठ काढले तर त्यातले पाच कामाचे निघतात.

मार्गदर्शक सूचना हर-टू मुख्यतः पसरलेल्या आजारात मागतात. मी ते प्रत्येक अ‍ॅडेनोकार्सिनोमात मागते आहे, कारण आपल्याकडचे रुग्ण उशिरा येतात. पित्ताच्या गोळ्या खात महिने काढून, वजन उतरल्यावर, काळी शी झाल्यावर ते तुमच्याकडे पोचतात. आज शस्त्रक्रियेजोगा वाटणारा आजार उद्या पसरलेला निघतो, आणि तेव्हा ब्लॉक संपलेला असतो.

एमएमआर मात्र सगळ्यांत झालंच पाहिजे, आणि तेही केमोच्या आधी. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, नकलेत चुका राहतात, आणि त्या दुरुस्त करणारी चार प्रथिनं आपण या तपासणीत पाहतो. त्यातलं एखादं गायब असेल तर त्या गाठीत चुका साचत गेलेल्या असतात, आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीला ती गाठ परकी म्हणून ओळखता येते. इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडणारी औषधं, अशा रुग्णांत फार चांगली चालते. फ्रान्समधल्या एका छोट्या अभ्यासात अशा रुग्णांना शस्त्रक्रियेआधी केमो न देता निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधं दिली. शस्त्रक्रिया झालेल्या २९ जणांपैकी १७ जणांच्या जठरात कर्करोगाची एकही पेशी सापडली नाही. उलट, नेहमीच्या केमोचा अशा रुग्णांना फारसा उपयोग होत नाही, हे चार मोठ्या चाचण्या एकत्र करून केलेल्या २०१९ च्या विश्लेषणात दिसलं आहे. त्या दीड हजाराहून अधिक रुग्णांत असे सुमारे ८ टक्के होते. म्हणजे थोडे आहेत. पण त्या थोड्यांचा पूर्ण मार्गच वेगळा आहे, आणि केमो सुरू झाल्यावर तो शोधणं म्हणजे निम्मी संधी घालवणं.

याच चार काचांवरून कधी कधी घरातल्या इतरांचंही कळतं. एमएसएच-टू किंवा एमएसएच-सिक्स गायब असेल तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाची शंका घ्यावी लागते. मग रुग्णाच्या भावंडांना आणि मुलांना बोलावून जनुकीय तपासणी आणि वेळेवर कोलोनोस्कोपी करायला सांगता येते.

आता तुमचा नेहमीचा प्रश्न. ‘मॅडम, इम्युनोथेरपी या लोकांना परवडणार नाही. मग तपासणीचा खर्च कशाला?’

या प्रश्नामागची काळजी मला कळते. तरीही माझं मत याच्या बरोबर उलट आहे. ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याला या तपासण्यांची गरज जास्त आहे. पैसेवाला माणूस औषध घेऊन पाहील, लागू पडलं नाही तर सोडून देईल. आपल्याकडे काय होतं? कुणीतरी सांगतं, पुण्यात नवीन इंजेक्शन मिळतं. घरात बैठक बसते. चार गुंठे विकायचे ठरतात, बाईच्या अंगावरचं सोनं पतसंस्थेत जातं. माणूस वाचणार असेल तर कोण थांबेल? अशा वेळी पीडी-एल-वनचा रिपोर्ट त्या घराला खरं काय ते सांगतो. २०२१ च्या ‘चेकमेट ६४९’ चाचणीत केमोला निवोलुमॅब जोडल्यावर सरासरी आयुष्य ११.१ वरून १४.४ महिन्यांवर गेलं, पण हा आकडा पीडी-एल-वनचा स्कोअर पाच किंवा त्याहून जास्त असलेल्यांचा आहे. स्कोअर एकपेक्षाही कमी असलेल्यांत फायद्याच्या मानाने धोका जास्त, असं मत अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२४ मध्ये बहुमताने दिलं. स्कोअर शून्य आणि एमएमआर शाबूत, असा रिपोर्ट हातात असेल तर तुम्ही त्या घराला ठामपणे सांगू शकता : या औषधासाठी जमीन विकू नका. तपासणीला काही हजार लागतात. ती न केल्याने काय जातं, ते तुम्ही-मी दोघांनी पाहिलं आहे.

हा स्कोअर काढायला निदान शंभर जिवंत कर्कपेशी डोळ्यांसमोर लागतात. म्हणजे पुन्हा तुकड्यांवरच येऊन ठेपलो.

शिवाय ‘परवडत नाही’ ही गोष्ट कायमची नसते. ट्रास्टुझुमॅबची भारतीय बनावटीची औषधं २०१४ पासून बाजारात आली आणि ज्या घरांना ते अशक्य होतं त्यातल्या काहींच्या आवाक्यात आलं. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कर्करोगात निवोलुमॅब अवघं २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी, देऊन पाहिलं. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. तो अभ्यास जठराचा नाही, आणि तो जसाच्या तसा जठराला लावू नये. पण आपल्या देशातले डॉक्टर आपल्या रुग्णांच्या खिशाचा विचार करून संशोधन करताहेत. उद्या असं काही जठरासाठी आलं, तर ते आपल्या रुग्णाला लागू आहे की नाही हे सांगायला ब्लॉकमध्ये पेशी शिल्लक हव्यात.

क्लॉडिन १८.२ या आणखी एका मार्करबद्दलही विचारणा होऊ लागली आहे. २०२३ मध्ये ‘स्पॉटलाइट’ आणि ‘ग्लो’ या दोन चाचण्यांनी त्यावरच्या झोल्बेटुक्सिमॅब या औषधाचा फायदा दाखवला. तपासलेल्यांपैकी जवळपास ३८ टक्के रुग्ण त्या औषधाला योग्य निघाले. मार्कर महत्त्वाचा आहे यात वाद नाही. पण औषध मिळण्याची काही वाट दिसत नसेल, आणि तुकडे मोजकेच असतील, तर त्यावर काप खर्चू नयेत असं मला वाटतं. एमएमआर पहिलं, हर-टू दुसरं, पीडी-एल-वन तिसरं, आणि मग बाकीचं.

अन्ननलिकेचं थोडं वेगळं आहे. आपल्याकडे तिथला कर्करोग बहुतांशी स्क्वॅमस जातीचा, म्हणजे अस्तराच्या चपट्या पेशींचा, असतो, तंबाखूशी आणि दारूशी जोडलेला. खेड्यांतल्या ज्या बायका आयुष्यभर सकाळ-संध्याकाळ मशेरी लावत आल्या त्या ‘घास अडकतोय’ म्हणत येतात, तोवर पाणीही उतरेनासं झालेलं असतं. स्क्वॅमस जातीत हर-टू किंवा क्लॉडिन करण्यात अर्थ नाही; आजार पसरलेला असेल तर पीडी-एल-वन उपयोगी. पण जठर आणि अन्ननलिका जिथे मिळतात तिथल्या गाठींत जात नक्की ठरवणं फार गरजेचं आहे. शस्त्रक्रियेआधी किरणोपचार आणि केमो एकत्र देण्याची ‘क्रॉस’ पद्धत २०१२ पासून रूढ झाली, आणि स्क्वॅमसमध्ये ती विशेष लागू पडते. अन्ननलिकेच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमात मात्र २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ईसोपेक’ चाचणीत फ्लॉट केमो सरस ठरली : सरासरी ६६ महिने, ‘क्रॉस’मध्ये ३७. म्हणून माझ्याकडून ‘पुअरली डिफरन्शिएटेड कार्सिनोमा’ (जात स्पष्ट न दिसणारा कर्करोग) एवढ्यावर रिपोर्ट गेला, तर मला परत फोन करा आणि जात विचारा. आणि गाठ पुढच्या दातांपासून किती सेंटिमीटरवर होती, ते कागदावर लिहा. तुमच्या दुर्बिणीवर तो आकडा समोरच असतो.

तुकडे घेताना व्रणाच्या मधोमध घेऊ नका, तिथे मेलेल्या पेशी असतात. कडेने फिरून घ्या. भिंत जाड आणि कडक लागते, पण वरचं अस्तर धड दिसतं, अशा जठरात एकाच जागी पुन्हा पुन्हा चिमटा लावून खोलवर जा, नाहीतर कर्करोग असून रिपोर्ट ‘जठराची सूज’ असा येतो. तुकडे लगेच फॉर्मालिनमध्ये टाका, तुकड्यांच्या निदान दसपट तरी द्रव असू द्या. बाजारातलं तीव्र फॉर्मालिन तसंच ओतू नका; दहा टक्क्यांचं, बफर घातलेलं वापरा. सहा तासांहून कमी किंवा बहात्तर तासांहून जास्त ते त्यात राहिले तर मार्कर फसवे येऊ शकतात. म्हणून डबीवर तारीखच नाही, वेळही लिहा. शनिवारी दुपारी काढलेली डबी मंगळवारी संध्याकाळी पाठवू नका.

माझ्या बाजूने, आणि माझ्याशी सहमत असलेल्या इतर पॅथॉलॉजिस्टांच्या बाजूनेही, हे होईल. जठराचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा दिसला की तुमच्या दुसऱ्या चिठ्ठीची वाट न पाहता, रुग्णाच्या घरच्यांना विचारून, एमएमआर आणि हर-टू लगेच सुरू होईल. लागणारे सगळे काप एकाच बैठकीत काढून ठेवले जातील, म्हणजे ब्लॉक पुन्हा पुन्हा यंत्रावर चढणार नाही. किती तुकड्यांत कर्करोग आहे आणि ब्लॉकमध्ये पुढच्या तपासण्यांपुरता ऐवज उरला आहे का, हे रिपोर्टमध्ये लिहिलं जाईल.

मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे, साताऱ्याचं २०२१ मध्ये सुरू झालं. १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय काढलं तेव्हापासून सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही माणसं मिरजेला उपचारासाठी येतात. अशा भागात गरीब रुग्णाचे एमएमआर आणि हर-टू सरकारी महाविद्यालयात मोफत आणि आठवड्याच्या आत मिळावेत, ही मागणी आपण डॉक्टरांनीच एकत्र येऊन करायला हवी. ती पॅथॉलॉजिस्टने एकट्याने केली तर लॅबचा धंदा म्हणून बाजूला पडते. दुर्बीण करणाऱ्या तुम्ही सगळ्यांनी सही केली तर पडणार नाही.

घरच्या लोकांसाठी दोन गोष्टी. दुर्बीण झाल्यावर डॉक्टरांना विचारा, किती तुकडे काढले आणि डबीत फॉर्मालिन आहे का. विचारण्यात उद्धटपणा नाही. आणि रिपोर्टवरचा ब्लॉक नंबर जपून ठेवा. दुसऱ्या गावी उपचाराला गेलात तर तिथले डॉक्टर तो ब्लॉक मागतील. लॅबकडे रीतसर अर्ज केला की तो मिळतो. नुसता रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये असून भागत नाही.

तुमच्यासाठी एक पानी फॉर्म तयार केला आहे : वय, व्यसन, गाठीची जागा, दातांपासूनचं अंतर, तुकड्यांची संख्या, फॉर्मालिनमध्ये टाकल्याची वेळ. सातारा, कराड, सांगली आणि मिरज इथल्या डॉक्टरांच्या संघटनांनी तो पुढच्या बैठकीत मांडावा, हवे ते बदल करावेत आणि दोन्ही जिल्ह्यांत एकच वापरावा. रुंद तोंडाच्या, बफर फॉर्मालिन भरलेल्या डब्या आमच्या लॅबमधून न्या. त्यांचे पैसे पडणार नाहीत, आणि तुम्हीही ते रुग्णाच्या बिलात लावू नका.

आपली,
एक पॅथॉलॉजिस्ट, मिरज